कानाला लागेल तसं नाव

वीरभद्र सरांच्या क्लासच्या खिडकीशी व्यंकटी पाटणे सकाळी नऊला येऊन उभे राहिले आणि बारा वाजले तरी त्यांची पुतणी कम्प्युटरात सापडेना. एका हातात भाकऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मुखेडहून पहिली एसटी धरून आलेला माणूस. खिडकीच्या आत सिंधु. ही मुलगी फार वेगानं टाइप करायची, आणि वेगानं केलेलं काम पुन्हा वाचून बघणं म्हणजे त्या वेगाचा अपमान, असं तिचं मत होतं.

"नाव काय म्हणलात?"

"राजकन्या."

"आडनाव?"

"पाटणे. आवं बाई, चौथ्यांदा सांगून राहिलो."

"न्हाई. या नावाचं कुणी न्हाई आपल्यात."

आता यात सिंधुचा तरी काय दोष? त्या वर्षांत लातूर म्हणजे काय होतं ते बघितलेल्यालाच माहीत. भूकंपाला नऊ वर्षं होत आली होती. जमीन हलायची थांबली आणि पालक हलायला लागले. जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक पोरांना घेऊन यायचे, दहा बाय दहाच्या खोलीत चार खाटा टाकून द्यायचे आणि पोरगं डॉक्टर झालंच अशा समजुतीनं गावी परतायचे. वीरभद्र सरांनी नांदेडचा एक क्लासही चालवायला घेतला होता. दोन्हीकडची मिळून सहा हजार पोरं, सगळी एका कम्प्युटरात. नांदेडचे नंबर वेगळे, लातूरचे वेगळे. नांदेडची नावं तिथला मुनीब नावाचा पोरगा टाइप करायचा आणि लातूरची सिंधु, आणि या दोघांचं एकाही स्पेलिंगवर कधी एकमत झालेलं नव्हतं.

व्यंकटी पायरीवर बसले. "कम्प्युटर न्हाई म्हनतोय म्हंजी पोरगी न्हाईच का?" असं त्यांनी कुणाला उद्देशून नव्हे, पण मोठ्यानं विचारलं. लगेच दहा माणसं जमली. कुणी म्हणालं पोलिसात जा, कुणी म्हणालं आधी स्टँडवर बघा. एकानं "कुणासंगं बोलत होती का, ते इचारा" असा सल्ला दिला आणि व्यंकटींचा चेहरा चुन्यासारखा झाला.

तेव्हा जिलानी बाहेर आला. जिलानी हा क्लासच्या कम्प्युटर विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच होता, पण प्रमुख होता. बेचाळीस वर्षांचा, मूळ नांदेडच्या इतवाऱ्यातला. बसल्या जागी सतत एक पाय हलवणारा, चहा उकळता पिऊन जीभ भाजली की चहालाच बोल लावणारा. तो तडक वर गेला, केमिस्ट्रीच्या वर्गाच्या दारात उभा राहून ओरडला, "राजकन्या पाटणे आहे का?" आणि तिसऱ्या बाकावरची एक उंच, सडसडीत मुलगी पेन हातात घेऊनच उभी राहिली. ती कम्प्युटरातही होती. सिंधुनं तिला एक एन जास्त दिला होता आणि वायच्या जागी आय.

व्यंकटी रागावले नाहीत, आणि जिलानीला तेच फार लागलं. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "सायेब, भूकंपात भाऊ गेला, भावजय गेली. ही ढिगाऱ्यातून जित्ती निगाली. पन कुन्या यादीत हिचं नाव भलतंच लिवलं, आन् खरं नाव मेलेल्यांच्या यादीत. चार दिस सुतक पाळलं म्या हिचं. पाचव्या दिशी दवाखान्यात गेलो तर खाटंवर बसून बिस्कूट खात हुती. तवापून यादीत नाव न्हाई म्हनलं की माजं पानी पानी हुतं."

जिलानीचा हलणारा पाय थांबला. "काका," तो म्हणाला, "आता असं होणार न्हाई. नाव कुणी कसंबी लिहो, कानाला लागेल तसं सापडेल, अशी व्यवस्था करतो. आठ दिवसांत."

वीरभद्र सर मागेच उभे होते. सरांना जाहिरातीचा वास पावसाच्या वासाच्या आधी यायचा. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'नाव कसेही लिहा, आमच्याकडे सापडेल!' जिलानीनं अजून कम्प्युटर चालूही केला नव्हता.

खरं तर काम सोपं वाटत होतं. कम्प्युटरच्या त्या प्रोग्राममध्ये आवाजावरून नाव शोधायची एक तयार युक्ती होतीच. नावाचं पहिलं अक्षर धरायचं, स्वर फेकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांचे गट करून प्रत्येक गटाला आकडा द्यायचा. ज्यांचे आकडे सारखे ती नावं सारखी. कुणा साहेबानं आपल्या देशातली नावं समोर ठेवून ती बनवली होती, आणि त्या देशात मुखेड नव्हतं. जिलानीनं मोठ्या हौसेनं सिंधुला समोर बसवलं. "बघ, तुझंच नाव टाकतो."

पडद्यावर आलं, सिंधु. मग सुनीता. मग शांता, सुमती, समद आणि सोमनाथ.

सिंधुनं पडद्यावरची नावं बोटानं मोजली. "सर," ती म्हणाली, "मी सोमनाथ हाय का?"

"तसं न्हाई गं. त्याच्या कानाला तसं लागतं."

"मग त्याचे कान दाखवा कुणाला तरी."

उलट व्यंकटी नाव व्हीनं लिहिलं की डब्ल्यूचे व्यंकटी सापडत नव्हते, जेवाली जेबा झेडवाल्या झेबाला ओळखत नव्हती. म्हणजे सोमनाथला सिंधु समजणारं यंत्र सख्ख्या जेबाला दारात उभं करत नव्हतं. जिलानीनं ठरवलं की साहेबाचे नियम मोडायचे आणि आपल्या मुलखाचे घालायचे. इथून त्याच्या जिवाची शांतता, होती नव्हती तेवढी, गेली.

तो नावं गोळा करायला लागला. गंजगोलाईत भाजी घेताना भाजीवालीला म्हणाला, "मावशी, तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहितात?" तिनं मेथीची जुडी परत ओढून घेतली. नांदेडला जाताना एसटीत त्यानं अठरा प्रवाशांची स्पेलिंगं वहीत टिपली, तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "तपासणी पथकातले हाव का तुमी?" आणि अहमदपूरपर्यंत तिकिटं फार काटेकोर फाडली. एका लग्नात आहेराच्या यादीशी हा जेवण सोडून दीड तास उभा राहिलेला बघून नवरीच्या मामानं त्याला बाजूला घेतलं आणि आपण काय आहेर केला ते खालच्या आवाजात, न विचारता, सांगून टाकलं.

घरी बायकोचं, वहिदाचं, म्हणणं सरळ होतं. "जे आन् झेड एकच धरा. माझ्या माहेरी झेबाला जेबाच म्हणतात, आन् ती ओ देते." हे पटण्यासारखं होतं. मग शेजारचे वीरण्णा गुरुजी आले. गुरुजी उदगीरकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाचंही काहीही तपासायला मिळालं नव्हतं. त्यांनी जिलानीची वही घेतली आणि लाल पेन काढलं.

"व हे अक्षरच नव्हे," गुरुजी म्हणाले. "मला इथं वीरण्णा म्हणतात, गावाकडं ईरण्णा म्हणतात. दोन्हीकडं मीच जातो. वगळून टाका व."

"पण गुरुजी, मधला व..."

"पुढचा, मधला, शेवटचा. नियम म्हटल्यावर भेदभाव नको."

जिलानीनं व वगळला. गुरुजी ओसरीवर बसून चहा पीत असताना त्यांना नाही म्हणणं हे त्या गल्लीत कुणालाच कधी जमलं नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात आलं की मतदार यादी मिळाली तर हजारो नावं एकदम तपासता येतील. तो एका कार्यालयात गेला. तिथल्या बाबूनं अर्ज दोनदा वाचला.

"यादी कशासाठी पाहिजे?"

"उच्चारासाठी."

"उच्चारासाठी आपल्याकडं टेबल न्हाई. दुरुस्तीसाठी हाय, वगळण्यासाठी हाय. तुमाला कुणाला वगळायचंय का?"

"सध्या फक्त व."

बाबूनं त्याच्याकडे एकवार बघितलं आणि अर्ज आवकमध्ये टाकला. पोच मिळाली तिच्यावर लिहिलं होतं, 'अर्जदार: गिलाणी'. माणूस नावाच्या शुद्धीसाठी जातो आणि स्वतःचंच नाव बिघडवून परत येतो, याचं जिलानीला इतकं वाईट वाटलं की ती पोच त्यानं वहिदाला दाखवली नाही.

आठचे बावीस दिवस झाले. जे-झेड झालं, व्ही-डब्ल्यू झालं, एच झाला, वाय झाला. राहिलं होतं एकच. साहेबाच्या मूळ नियमात ज, क आणि स एकाच गटात कोंबलेले होते, ते सोडवायचं. पण त्या दिवशी वीरभद्र सर आत आले. सराव परीक्षेचे जीवशास्त्राचे पेपर नांदेडला तपासून, मार्क तिथल्याच नंबरांवर टाइप होऊन आले होते, पालकांचे पत्ते लातुरात होते, आणि नंबर तर एकमेकांशी जुळतच नव्हते.

"आवाजावरून जुळवा आन् पत्रं काढा," सर म्हणाले. "आजच."

"सर, एकदा माणसानं डोळ्यांखालून घालायला पाहिजे."

"जिलानीभाई, दारावर पाटी लावलीय आपण. पाटीवर माणसाचं काही लिहिलंय का?"

दोन हजार पत्रं गेली. प्रत्येकात एवढंच, 'आपल्या पाल्यास शंभरपैकी अमुक गुण मिळाले आहेत.' पाल्याचं नाव छापलं तर ओळ मोठी होते म्हणून सिंधुनं ते काढून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी अर्धापूरचे केळीचे व्यापारी जुबेर पठाण दारात जीप घेऊन हजर. मागं दोन माणसांनी उचललेला केळीचा एक अख्खा घड, हातात सरांसाठी हार. "चौऱ्याण्णव!" ते जिन्यातूनच ओरडले. "आमच्या सात पिढ्यांत कुणी चौऱ्याण्णवपर्यंत मोजलं न्हाई सर, केळीचे घड सोडून!" सरांनी मान पुढे केली, हार पडला, पेढा तोंडात गेला. कौतुकासाठी मुलाला वर्गातून बोलावलं. रिझवान नुकत्याच फुटलेल्या मिशांचा, खाली बघणारा पोरगा. तो बापाच्या मागं उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "अब्बा, ते मार्क माझे न्हाईत. मी अर्धा पेपर कोरा सोडला होता."

सरांचा पेढा तोंडातच थांबला. जुबेरभाईंनी मुलाकडे बघितलं. वाटलं आता कानशिलात बसणार. पण ते बाकावर बसले, रुमालानं मान पुसली. "खरं बोलला," ते म्हणाले. "खरं बोलण्याचेबी मार्क धरा कुठं तरी." मग घडाकडे बोट करून, "हे ठेवून घ्या. आणलेली केळी परत न्यायची पद्धत न्हाई."

जिलानी तोवर कम्प्युटरशी पोचला होता. चौऱ्याण्णव राजकन्या पाटणेचे. रिझवान पठाणला एकतीस. त्यानं कागदावर दोन्ही नावं लिहिली आणि आपल्याच नियमांनी सोलली. राजकन्या. स्वर गेले, वाय गेला, ज आणि क एकाच गटात, उरलं र, ज, न. रिझवान. झेडचा ज झाला, गुरुजींचा व गेला, उरलं र, ज, न. पाटणे आणि पठाण, प, त, न. यंत्राच्या कानाला दोघं एकच. त्यानं एकाचा कागद दुसऱ्याला देऊन टाकला होता. म्हणजे एकतीसचा कागद मुखेडला गेला होता.

"सिंधु, पाटणे कुठल्या बॅचला आहे? बोलाव तिला."

"ती गेली ना सर. परवा काका येऊन घेऊन गेले. ट्रंकसकट."

मुखेडला पाटण्यांच्या गल्लीत एका किराणा दुकानात फोन होता. जिलानीनं लावला. दुकानदार म्हणाला, "व्यंकटी? आज न्हाई येनार फोनवर. पोरीला बगायला पाव्हने यिऊन राहिलेत. दुपारी."

जिलानीनं अडगळीच्या खोलीत जाऊन पेपरांचे गठ्ठे उपसले, राजकन्याची उत्तरपत्रिका काढली, ती शर्टाच्या आत घातली आणि निघाला. वीरभद्र सर मागून म्हणत होते, "आधी ते आवाजाचं बंद करा, सगळं पुसून टाका!" पण तोवर तो रिक्षात होता. जांबला गाडी बदलली. मुखेडचा बाजार होता. पुढच्या गाडीत तो एका कोंबड्यांच्या डालीवर अर्धा आणि एका म्हाताऱ्याच्या मांडीवर अर्धा असा उभा-बसला आला. सगळ्या वाटेत एकच वाक्य त्याच्या डोक्यात कुरतडत होतं, त्यानंच व्यंकटींना सांगितलेलं. आता असं होणार न्हाई.

दारात सतरंजी टाकलेली होती. जिलानी घामेघूम, शर्ट एका बाजूनं बाहेर आलेला, धापा टाकत शिरला आणि चार जण उठून उभे राहिले. "या, या, मुलाचे मामा आले वाटतं!" कुणी तरी त्याला हाताला धरून लोडाशी बसवलं, कुणी पाण्याचा तांब्या दिला, आणि तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात पोह्यांची ताटली आली. मुलाकडचे समजले, मुलीकडचे असतील. त्यांनीही नमस्कार केला.

"तुमचं नाव?" मुलाच्या वडिलांनी आदरानं विचारलं.

"जिलानी."

 मुलाचे वडील दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांत हे नाव कुठं बसतं ते बघत होते. तेवढ्यात व्यंकटी आतून आले आणि जागीच थबकले.

"सायेब? तुमी?"

जिलानी उभा राहिला. ताटली ठेवायला जागा मिळेना, म्हणून ती हातात धरूनच बोलला. "काका, चूक झाली. कागद दुसऱ्याचा होता. एकतीस दुसऱ्या पोराला. राजकन्याला चौऱ्याण्णव आहेत. चूक कम्प्युटरची न्हाई, माझी. नियम मी केले होते."

व्यंकटींनी आतल्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "ही बी तेच म्हनत हुती. रडून रडून म्हनली, काका, मला नव्वदच्या वरच पडले असतील. म्या म्हनलं, पोरी, तू खोटं बोलशील, कम्प्युटर कशाला बोलंल? त्या सायबानं मला जबान दिलीया." ते उंबऱ्यावर बसले. "आता मी कुनाचं धरू? तवाचा कागद खरा, का आजचं तुमचं तोंड खरं?"

जिलानीनं शर्टातून उत्तरपत्रिका काढली. घामानं तिचा एक कोपरा विरघळला होता. व्यंकटींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली. मध्ये एक आकृती होती. हृदयाचे चार कप्पे, बारीक रेघांनी भरलेले, बाण सुईनं ओढल्यासारखे सरळ. ते त्या आकृतीवर बोट फिरवत राहिले.

"हे तिचंच," ते म्हणाले. "घरात भितीवर आसंच काडती. चुलीच्या वर काडलंय. म्या म्हनायचो, ह्यो कसला बटाटा काडलास." आणि ते वळून मोठ्यानं म्हणाले, "पाव्हनं, पोहे खावा. च्या बी घ्या. पन पोरगी आज लातूरला चालली."

मुलाच्या वडिलांनी खाकरून घसा साफ केला. "चौऱ्याण्णव म्हंजी लईच हाईत," ते म्हणाले. "आमच्या पोराला बावन हाईत. तसं बी जरा जड गेलं असतं." मुलगा मान खाली घालून पोहे खात होता, आणि त्या सगळ्या घरात त्याच्याइतकं मोकळं दुसरं कुणीच वाटत नव्हतं.

राजकन्या आतल्या दारात उभी होती. नवं लुगडं नेसवलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. जिलानीला वाटलं ती आभार मानील. ती म्हणाली, "सर, मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होते. पत्र टाकायच्या आधी एकदा मला इचारायचं."

जिलानीनं मान डोलावली. त्यानं थंड झालेले पोहे संपवले. ते संपवणं त्याला भाग होतं, सगळे बघत होते.

परतीच्या गाडीत ट्रंक पायाशी घेऊन ती खिडकीशी बसली, व्यंकटी मध्ये, जिलानी कडेला. जांब गेल्यावर त्यानं वही काढली. "तुझं नाव आता मी स्वतः घालणार," तो म्हणाला. "तू सांगशील तसं. अक्षरन् अक्षर."

तिनं वही आपल्याकडे वळवून घेतली. मग म्हणाली, "राजकन्या मन्मथ व्यंकटी पाटणे."

"मन्मथ?"

"माझे वडील. वारले ते. काकानं वाढवलं. शाळेत कुठंबी एकच नाव मावतं, म्हणून आजवर काकाचं लावत आले." व्यंकटी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले होते. "दोन्ही पाहिजेत सर. जागा हाय का?"

जागा नव्हती. कम्प्युटरात वडिलांच्या नावाला पंधरा अक्षरांचा रकाना, त्यात एकच नाव. ती वाढवायची म्हणजे सहा हजार नोंदी बाहेर काढून, रकाना मोठा करून, पुन्हा आत भरायच्या. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे. जिलानीचा पाय हलायला लागला.

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खिडकीशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. लातूर-नांदेड दोन्हीकडचे कम्प्युटर बंद, नांदेडहून मुनीबचा तिसरा फोन आलेला, सिंधु टेबलावर केळी सोलत बसलेली. वीरभद्र सर हातात दारावरची काढलेली पाटी घेऊन आत आले आणि गरजले, "जिलानीभाई! आवाजाचं पुसा म्हणालो होतो, अख्खा क्लास पुसायला न्हाई सांगितला! काय करून राहिले तुम्ही?"

जिलानीनं मान वर केली नाही.

"जागा करून राहिलो, सर," तो म्हणाला. "थांबा जरा."